शुक्रवारची मुलं : सोलापुरातल्या सहा कॅथलिक घरांचं एक वर्ष

जून २०२४ मध्ये आम्ही हा शुक्रवारचा गट सुरू केला तेव्हा सहा घरं होती, तेरा मुलं होती. शेंडेफळ दोन वर्षांचं, थोरली तेराची. पुढच्या मार्चपर्यंत तीनच घरं उरली. मे उजाडला तेव्हा पाच झाली होती. सहावं काही परत आलं नाही आणि ते का आलं नाही हेही मला आता पटलंय. मुलांना घरीच शिकवणारी घरं आठवड्यातून एकदा एकत्र आणायची म्हणजे काय काय आडवं येतं, त्याचं हे टिपण.

घरं अशी : आम्ही आणि माझी जाऊ, दोघींची माहेरं-सासरं नगरकडची. एक गोव्याचं, बाबा बँकेत, बदलीवर आलेले. एक केरळचं, आई खासगी दवाखान्यात नर्स. एक रेल्वे क्वार्टरमधलं, बाबा तमिळ आणि आई तेलुगू. सहावं वसईचं. आमची तीन मुलं, बाकी प्रत्येकाची दोन. केरळच्या ताईंना दवाखान्यात सगळे ‘सिस्टर’ म्हणतात. चर्चच्या आवारात ‘सिस्टर आल्या’ म्हटलं की मुलं मठातल्या सिस्टर आल्या समजून सावरून बसायची. म्हणून आमच्यात त्या ‘चेची’, म्हणजे मल्याळममधली ताई, झाल्या. हे नाव त्यांच्याच धाकट्यानं सुचवलं.

शाळेऐवजी घर का, याची सहा घरांची सहा कारणं होती, त्यात शिरत नाही. कायद्याचंही थोडक्यात सांगते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे आणि त्यात होमस्कूलिंगसाठी वेगळी अशी तरतूद नाही. दहावीसाठी आमच्यातल्या बहुतेकांनी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा (एनआयओएस) रस्ता धरलाय. वय चौदा पूर्ण लागतं, मराठी माध्यम मिळतं. चर्चच्या बाजूनं मात्र आधार पक्का आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणावर जे घोषणापत्र काढलं, त्यात आईवडील हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक असं स्वच्छ म्हटलंय. १९८३ च्या धर्मसंहितेतलं, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या पुस्तकातलं, ७९३ वं कलमही तेच सांगतं. हे मी सगळ्यांना पहिल्याच बैठकीत वाचून दाखवलं होतं. ‘पहिले शिक्षक’ म्हणजे ‘वर्गशिक्षक’ नव्हे, हे तेव्हा माझ्याच डोक्यात शिरलं नव्हतं.

कारण मी तक्ता केला. परदेशातल्या कुटुंबांचा एक नमुना नजरेखालून गेला होता, त्यात सफरचंदाच्या बागेची सहलसुद्धा होती. ती तेवढी गाळली, बाकी उचललं. नऊ ते साडेनऊ प्रार्थना आणि बायबलवाचन. मग निसर्गनिरीक्षण, चित्रकला, संतचरित्र, लॅटिन प्रार्थना, गणिताचे खेळ, डबा, कवायत. एक वाजता समारोप. ‘समारोप’ हा शब्द मी खरंच टाईप केला होता. सहा आयांना सहा विषय वाटून दिले. चर्चचा हॉल शुक्रवारी सकाळी रिकामा असतो, तो मिळाला. १४ जूनला पहिला शुक्रवार झाला.

तिसऱ्या शुक्रवारी माझ्या मधलीनं स्कूटरवर मागून विचारलं, “आई, आपण शाळा सोडली ना? मग हे काय आहे?” मी गाडी चालवत होते हे बरं झालं, उत्तर द्यावं लागलं नाही.

ऑगस्टपर्यंत कसंबसं रेटलं. १५ ऑगस्टला मारियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आणि स्वातंत्र्यदिन एकाच दिवशी. मिस्सा (चर्चमधली उपासना) झाली, झेंडा झाला, मुलांनी आवारात लगोरी मांडली आणि दोन तास कोणी घरी जायचं नाव घेईना. त्या दिवशी तक्त्यात काहीच नव्हतं. तेव्हाच डोळे उघडायला हवे होते.

त्याऐवजी मी हजेरी मांडत बसले. एकही शुक्रवार असा नव्हता की सहाच्या सहा घरं आली. मला वाटायचं लोकांना गांभीर्य नाही. मग एकदा रेल्वेवाल्या वहिनी वैतागून म्हणाल्या, “अहो ताई, आज आमच्याकडे पाणी होतं!” सोलापुरात राहणाऱ्याला यापुढे काही सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते : नळाला पाणी रोज येत नाही. त्या काळात आमच्या भागांत चार दिवसांआड, म्हणजे पाचव्या दिवशी यायचं. प्रत्येक भागाचा दिवस वेगळा, वेळही कधी पहाटे, कधी भर सकाळी. त्या दिवशी घरातलं मोठं माणूस हलत नाही. टाकी, पिंप, कळशा, धुणं, सगळं तेव्हाच उरकायचं. आता पाच दिवसांचा फेरा आणि सात दिवसांचा आठवडा एकमेकांवर ठेवून बघा. प्रत्येक घराचा दर पाचवा शुक्रवार पाण्यात जाणार. घरं सहा, म्हणजे सरासरीनं दर शुक्रवारी एखादं घर गळणारच, कधी दोन. आणि सहा आयांना सहा विषय वाटलेले असल्यामुळे जिच्याकडे पाणी, तिचा विषय बुडाला. गणिताचे खेळ तक्त्यात होते, पण हे गणित चार महिने मला सुटलं नव्हतं.

नोव्हेंबरात दुसरा फटका बसला. सर्व संतांचा सण १ नोव्हेंबरला. मुलांनी आपापल्या आवडत्या संताच्या वेषात यायचं, स्वतःची ओळख सांगायची, बाकीच्यांनी नाव ओळखायचं, असा बेत. कल्पना वाईट नव्हती. फक्त मी धर्मग्रामाचं कॅलेंडर बघितलं आणि भिंतीवरचं कालनिर्णय बघितलं नाही. २०२४ चा १ नोव्हेंबर म्हणजे लक्ष्मीपूजन. शिंप्याचं दुकान दोन दिवस आधीच बंद. रिक्षा मिळेना. शेजारच्या पोरांनी आमच्या पोरांना फटाक्यांसाठी सकाळपासून हाका मारलेल्या. जाऊबाईंचा थोरला संत अंतोनी झाला होता, तपकिरी झगा, कमरेला सुतळी. झगा जुन्या पडद्याचा, नायलॉनचा. हॉलमधून घरी येताना गल्लीत कोणी फुलबाजी हातात दिली आणि ठिणगीनं झग्याच्या काठाला रुपयाएवढं भोक पडलं. कापड वितळून पिंढरीला चिकटलं. जखम किरकोळ होती, थंड पाण्यावर भागलं. पण माझ्या जावेनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती अजून आठवते. वेष सुती हवा हे सांगायला अक्कल लागत नाही. दिवाळीत वेष घालून रस्त्यानं आणू नये, हे सांगायला त्याहून कमी लागते.

दुसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबरला, मृतांचा स्मरणदिन. पाडवा असूनही चार घरं दफनभूमीत आली. गवत उपटलं, कबरी पुसल्या, मेणबत्त्या लावल्या. ज्या कबरीवर कोणी येत नाही असं दिसलं, तिथे मुलांनी आपणहून एकेक फूल ठेवलं. याला पूर्वतयारी काय? दोन विळे आणि एक बादली.

डिसेंबरात तसाच आणखी एक दिवस आला, नाताळच्या गोठ्याचा. कडबा माझ्या दिरांनी मोहोळच्या बाजूनं आणला. मूर्ती काळ्या मातीच्या करायच्या ठरल्या. पहिल्या शुक्रवारी केलेली गाढवं आणि मेंढरं दुसऱ्या शुक्रवारपर्यंत तडकून पाय मोडून पडली. आपली काळी माती वाळताना आकसते, शेतात भेगा पडतात तशाच त्या गाढवाच्या पोटाला पडल्या. सासूबाई कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माळ पदराला गुंडाळली आणि म्हणाल्या, “नुसत्या मातीचं कसं राहील? भुसा घाला, थोडी राख घाला, अन् सावलीत वाळवा.” लहानपणी गावात पोळ्याला शेजारणींबरोबर बैल करायच्या त्या. पुढचे दोन तास हॉलमध्ये त्यांचंच राज्य होतं. गोव्याच्या घरातला मुलगा, जो एरवी वहीला हात लावत नाही, त्यानं उंटाच्या मानेत काडी घालून ती उभी केली आणि सगळ्यांना शिकवली. घड्याळाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. लॅटिन प्रार्थना राहून गेल्या. कोणी आठवणही काढली नाही.

त्याच महिन्यात वसईचं घर गेलं. भांडण नाही, तंटा नाही. त्यांची थोरली चौदाची व्हायला आलेली, तिच्या डोक्यावर दहावी. त्या माउलीचं म्हणणं सरळ होतं, “शुक्रवारी चार तास जातात आणि अभ्यास होत नाही.” मी तेव्हा मनात रागावले. आता वाटतं, त्यांना परीक्षेसाठी सोबत हवी होती आणि आमच्याकडे त्या वयाचं दुसरं मूलच नव्हतं. तेरा वर्षांच्या मुलीला सहा वर्षांच्यांच्या गोलात बसवून आम्ही तिला मदतनीस करून टाकलं होतं. जानेवारीत रेल्वेवाल्या वहिनींचंही येणं थांबलं : पाणी, लांबचा पल्ला आणि दोन बसगाड्या.

जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरला की सोलापुरात दुसरं काही ठरवू नये. सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांना वाट देत रस्ते बंद असतात आणि मुलांच्या डोक्यात पाळणे फिरत असतात. १७ तारखेचा शुक्रवार आम्ही सरळ गड्ड्यावर घातला. त्यानंतरच्या शुक्रवारी हुरड्याला गेलो. आगटीभोवती उकिडवं बसून, तळहातावर कणसं चोळत, शेंगाची चटणी तोंडी लावत जे बोलणं झालं ते सहा महिन्यांत हॉलमधल्या खुर्च्यांवर झालं नव्हतं. मी विचारलं, चांगले झालेले दिवस कोणते? लगोरी, दफनभूमी, गोठा. मग गोव्याच्या वहिनींनी हातातलं कणीस खाली ठेवलं. “एक सांगू का? चित्र माझी मुलं घरी काढतात. गणित मी घरी घेते. घरी लगोरी होत नाही.”

तिथून आमची चाळणी ठरली : हे एका घरात होतं का? होत असेल, तर शुक्रवारी नको.

या चाळणीतून तक्त्यातलं जवळजवळ सगळं गळून पडलं. राहिलं काय? कबड्डी, लगोरी, नाटुकली. दोन बाजूंनी म्हणायच्या ओव्या. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूंचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातल्या राचोलला छापलं गेलं, ते ओवीबद्ध आहे. एका गटानं दोन चरण म्हणायचे, दुसऱ्यानं पुढचे दोन. एकट्या मुलाला पाठांतर म्हणून दिलं तर तो जांभया देतो, समोर दुसरी फळी उभी केली की आवाज चढतो. म्हाताऱ्या माणसांच्या भेटी राहिल्या. आणि अशा जागा, जिथे एका आईनं दोन पोरं घेऊन गेलं तर कोणी उभं करत नाही, पण दहा जणांना आवर्जून दाखवतं.

वेळ चार तासांवरून दोन तासांवर आणली. विषयवाटप बंद. दर शुक्रवारी एकच काम, त्याचा एकच धनी. वयाप्रमाणे गट पाडणं सोडून दिलं आणि एका मोठ्यामागे एक लहान अशा जोड्या केल्या. पाण्यासाठी नियम केला : ज्या घरी पाणी, त्या घरातली मोठी माणसं माफ, मुलांना दुसऱ्या घरानं आणायचं आणि पोचवायचं. त्याला जोडून दुसरा नियम आला, तो अजिबात मोडायचा नाही. मुलं कुठेही असोत, तिथे दोन मोठी माणसं हवीत आणि ती दोन वेगवेगळ्या घरांतली. नवरा-बायको धरायचे नाहीत. कोणाला हे अति वाटलं. ‘आपण सगळे घरचेच ना?’ असं म्हणालं कोणीतरी. घरचेच आहोत म्हणूनच तर नियम. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं मुलाशी काही वावगं झाल्याचं कळलं तर पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे, ओळखपाळख बघून गप्प बसायची मुभा नाही. दोन माणसं जमली नाहीत, तर शुक्रवार रद्द. फेब्रुवारीत एकदा झालाही.

एवढं सगळं शहाणपण सुचल्यावर मी आणखी एक माती खाल्ली.

मोठ्या मुलांसाठी दृढीकरणाची, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराची, तयारी आपणच घेऊ, असं मी ठरवलं. चाळणी माझीच, आणि पहिली मीच मोडली. यादीत चेचींच्या बारा वर्षांच्या थोरल्याचं नाव घातलं. चेची म्हणाल्या, त्याचं झालंय. कधी? बाप्तिस्म्याबरोबरच, तान्हा होता तेव्हा. मी सगळ्यांसमोर म्हणाले, “असं कसं होईल?” आणि वर दाखला मागितला. चारच दिवसांनी उपवासकाळ सुरू व्हायचा होता. आमचा राखेचा बुधवार ५ मार्चला. चेची म्हणाल्या, आमच्याकडे सोमवारपासूनच धरतात. मी म्हणाले, मग मुलांच्या कार्यक्रमापुरतं बुधवारपर्यंत थांबा की. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या शुक्रवारी आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत.

उलगडा फादरांकडून झाला. ते तसेही माझ्याशी बोलायचं म्हणत होते. चेचींच्या, म्हणजे केरळच्या सिरो-मलबार चर्चमध्ये दृढीकरण बाप्तिस्म्याबरोबरच देतात, त्यांचा मोठा उपवास सोमवारी सुरू होतो. ते तितकेच कॅथलिक, फक्त परंपरा पूर्वेची. आणि दृढीकरण एकदाच होतं, दुसऱ्यांदा द्यायचंच नसतं. हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग विचारलं, “तुमची मुलं शाळेत जात नाहीत, ठीक. रविवारच्या धर्मशिक्षणाला येतात ना?” येत होती, पण माझं मन त्यात नव्हतं. पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी ही आईवडिलांची जबाबदारी आहे आणि धर्मगुरूंचीही, धर्मसंहितेच्या ९१४ व्या कलमात दोघांची नावं एका दमात येतात. तिथे आमच्या गटाचं नाव नाही. संस्कारांची तयारी शुक्रवारातून त्या दिवशी उठली ती उठलीच. गटाला मी ‘कॅथलिक’ शब्द जोडून भारदस्त नाव शोधत होते, तेही राहिलं. २१६ व्या कलमाप्रमाणे अधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय कोणत्याही उपक्रमानं ते नाव लावायचं नसतं. व्हॉट्सॲपवर आम्ही ‘शुक्रवारची मुलं’ होतो, तेच राहिलो.

चेचींकडे मी एकटीच गेले. दाखल्याबद्दल माफी मागितली. त्यांनी चहा केला, काळा, कारण उपवासकाळात त्या दूध घेत नाहीत. मी दुधाच्या चहाची वाट बघत होते हे त्यांना कळलं आणि हसल्या. एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारी मुलं आली.

मार्चमध्ये तीन घरांवर आलो तेव्हा क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रूसापर्यंतच्या वाटचालीची प्रार्थना, केली. चौदा स्थानं, मुलं सात, वाट्याला दोन-दोन. दोन वर्षांच्या शेंडेफळाची दोन त्याच्या आईनं वाचली, तो मेणबत्ती फुंकायला टपलेला. मोठा जमाव असता तर कोणाला एवढं वाचायला मिळालं नसतं. माणसं कमी झाली की कार्यक्रम पडतो असं नाही, काम जास्त वाट्याला येतं.

रेल्वेवाल्या वहिनी परत कशा आल्या, त्याचं श्रेय माझं नाही. ईस्टरचा सोमवार, २१ एप्रिल. सकाळी काही ठरलेलं नव्हतं, ऊन चाळिशीच्या वर. दुपारी पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली. संध्याकाळी जाऊबाईंच्या थोरल्यानं परस्पर ग्रुपवर आवाजी निरोप टाकला, “सातला चर्चमध्ये जपमाळ म्हणू या का?” कोणी तक्ता केला नाही, धनी ठरला नाही. पाच घरांची मुलं आली. वहिनी दोन्ही मुलांना घेऊन रिक्षानं आल्या आणि जाताना म्हणाल्या, “मागाचं काय झालं हो तुमच्या?”

मागाचं असं झालं होतं की संत योसेफ म्हणजे कष्टकऱ्यांचा संत, त्याच्या सणाला, १९ मार्चला, पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात जायचं, असा बेत होता. यावेळी मी कालनिर्णय बघितलं. १९ मार्चला रंगपंचमी! बेत १ मेवर ढकलला. त्या दिवशी श्रमिक संत योसेफाचा सण असतो, पोप पायस बारावे यांनी १९५५ मध्ये कामगार दिनाशी जोडून दिलेला. कामगार दिन म्हणजे माग बंद, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मालकांना फोन करून झाला होता. ते म्हणाले, “या की. बंद असला तरच नीट दिसेल. चालू असला तर माझंच मला ऐकू येत नाही.”

आणि खरंच. बंद मागाजवळ मुलं बोटं लावून बघू शकली : हा ताणा, हा बाणा, हा धोटा. कारखान्यातले एक वयस्कर काका खास थांबले होते. मराठी येत होतं त्यांना, पण रेल्वेवाल्या वहिनींनी दोन शब्द तेलुगूत टाकल्यावर त्यांची कळी खुलली आणि वहिनी दुभाषी झाल्या. सोलापुरी चादरीवरची नक्षी जेकार्डवर उतरते. वर माळेसारखी ओवलेली पुठ्ठ्याची कार्डं, प्रत्येकाला भोकं. एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. चेचींच्या थोरल्यानं कार्ड उजेडाकडे धरलं. “म्हणजे भोक असलं तर हो, नसलं तर नाही. एवढंच?” काका म्हणाले, एवढंच. माझ्या धाकट्यानं विचारलं, “एक भोक चुकलं तर काय होतं बे?” ‘बे’ ऐकून मी डोळे मोठे केले, काकांना काहीच वाटलं नाही. त्यांनी कोपऱ्यातून एक चादर आणली, मोराच्या पिसाऱ्यात एक धागा उडालेला. मुलांना तो सापडायला दहा मिनिटं लागली. गोव्याच्या मुलाला सापडला.

शेवटी मालकांनी एकच माग पाच मिनिटं चालू केला. शेंडेफळानं कान झाकून भोकाड पसरलं, बाकीचे तोंड उघडे टाकून बघत राहिले. माग थांबला तरी कानात आवाज राहिला होता.

परतताना ग्रुपवर मी टाकलं, पुढचा शुक्रवार ९ मे, सकाळी सात ते नऊ, धनी कोण? दोन निरोप लगेच आले. रेल्वेवाल्या वहिनींकडे पाणी होतं. आमच्याकडेही.